पान्याला इचार: मिठागरापासून वुडन फ्लोरिंगपर्यंत

आजची गोष्ट आमच्या गव्हाणच्या घरातली. वर्क फ्रॉम होमच्या खोलीत वुडन फ्लोरिंग करायचं ठरलं. जुना कोबा दिसायला ठीक होता. पण ६ फुटांची सरळ पट्टी ठेवली तर मधे ९ मिलिमीटरची फट! एवढ्या अंतरात साधारण ३ मिलिमीटरच चालतात. नाहीतर फळ्या पायाखाली दबतात, करकरतात, सांधे उघडतात.

मिस्त्री म्हणाला, "खाली फोम डबल टाकू, कळणार पण नाही." म्हणजे बग तसाच ठेवून रिलीज!

आजी ऐकत होती. म्हणाली, "बाला, पान्याला इचार."

तिची तरुणपणाची वर्षं मिठागरात गेली. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच 'आगरी' हे नाव आलं असं मानतात. उरण-पनवेलच्या खाडीकाठी पावसाळा संपला की कामं सुरू व्हायची. बांध नीट करायचे, मग वाफ्यांचा चिखल पायांनी तुडवायचा, चोपायचा. तळ घट्ट नसेल तर पाणी जिरतं. सपाट नसेल तर एका कोपऱ्यात पाणी साचतं आणि दुसरा कोरडा पडतो. भरतीचं पाणी आत घेऊन, आटवत आटवत उथळ वाफ्यात आणलं की मीठ धरायचं. म्हणजे मीठ दिसायच्या आधी कित्येक दिवस फक्त जमीन तयार करायची. घरातही तेच: माती भरा, पाणी मारा, चोपा, शेणानं सारवा. या बायकांना 'कुशल कामगार' कोणी म्हटलं नाही.

मग १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांतली भातशेती आणि मिठागरं नवी मुंबईसाठी गेली. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलीस गोळीबारात ५ जण हुतात्मे झाले. जासई आमच्या शेजारीच आहे. विमानतळाचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं. त्या जागेसाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, भराव टाकला. धावपट्टी त्यानंतर. सपाट करायचं काम तेच, फक्त आता डोंगराएवढं.

तर आम्ही पाण्याला विचारलं. आजीनं तांब्याभर पाणी ओतलं आणि जिथे साचलं तिथे खडूनं गोल काढला. पट्टीनं दाखवलेला खड्डा तोच! फरशी सुकल्यावर प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले, म्हणजे खालून ओल येत होती. मग उंचवटे घासले, धूळ काढली, ओल थांबवणारा थर दिला, खड्ड्यात सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड ओतलं आणि पुरतं सुकू दिलं. पट्टी पुन्हा ठेवली, फट जेमतेम २ मिलिमीटर. फळ्या त्यानंतरच बसवल्या.

काम दहा दिवस लांबलं. मिस्त्री वैतागला, पण जाताना आजीला विचारून गेला, "आजी, मिठागरात लेव्हल कशी बघायचा तुम्ही?"

तुमच्या घरी कोणी मिठागरात, खळ्यावर काम केलं असेल, तर त्यांना हेच विचारा आणि रेकॉर्ड करा. आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!