शीव, वाडी आणि पंचाची जागा

भिगवणच्या शेजारी तक्रारवाडी नावाचे एक गाव आहे. परगावचा माणूस हे नाव ऐकतो आणि हसतो. मला मात्र, इतिहासाचा अध्यापक या नात्याने, ते नाव आवडते. कारण आपल्या गावांच्या हद्दी कशा ठरल्या याचा इतिहास बव्हंशी तक्रारींचाच, म्हणजे अर्ज-फिर्यादींचाच इतिहास आहे. "आमची वाडी मूळ गावापासून वेगळी करा", "आमची वस्ती भलत्याच वॉर्डात घातली आहे ती काढा", "आम्हांला आमचा पंच द्या", असे अर्ज आजही तहसील कचेरीत येत असतात. हे सारे गावकीचे भांडण आहे, असे म्हणून पुष्कळ लोक तिकडे पाठ फिरवतात. पण ते तेवढेच नाही, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

मराठेशाहीत शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. दोन्ही गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावची जाणती माणसे जमत. साक्षी होत, आणि जो निवाडा होई त्याचा महजर लिहिला जाई. महजरावर पाटील नांगराची निशाणी करी. इतरही आपापल्या निशाण्या करीत. साक्षींनी भागले नाही तर दिव्य करावे लागे. कोणी तरी शपथ घेऊन शीव चालून दाखवी. या कामी महाराच्या साक्षीला फार मोठे वजन असे, कारण शीव राखणे हे त्याचेच काम. गावाची हद्द कोठे सुरू होते नि कोठे संपते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसे. पण गंमत पाहा, गंमत कसली, खेदाची गोष्टच ती! ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरायची, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर. हद्द ठरविण्यात माणसाचा उपयोग करून घेणे निराळे आणि कारभारात त्याला जागा देणे निराळे. हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासात ध्यानी ठेवावा लागतो.

इंग्रजी अमदानीत शिवेचे रूप पालटले, आणि त्या पालटाची सुरुवात आपल्याच इंदापूर तालुक्यात झाली. प्रिंगल साहेबाची पहिली पाहणी फसली होती. आकार भारी बसला आणि रयत टेकीला आली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी हाती घेतली. १८३६ साली इंदापुरात तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी लागू झाली, आणि तोच कित्ता पुढे मुंबई इलाख्याने गिरविला. शेतांना सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड बसले, गावाचा नकाशा कागदावर उतरला. शीव आता माणसाच्या आठवणीतून निघाली आणि दप्तरात गेली. परंतु ही हद्द आखली होती साऱ्यासाठी, सरकारच्या वसुलीसाठी. या हद्दीत माणसे किती, ती कोठे राहतात, त्यांचे कोण ऐकतो, हा प्रश्न मोजणीदाराच्या साखळीने विचारलाच नव्हता.

तो प्रश्न पंचायतीच्या कायद्यांनी विचारला. मुंबई इलाख्यात १९२० साली, मग १९३३ साली ग्रामपंचायतींचे कायदे झाले. आज जो कायदा चालतो तो १९५८ सालचा. त्याच्या चौथ्या कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे. महसुली गाव आणि पंचायतीचे गाव एकच असले पाहिजे, असे नाही. अनेक गावे मिळून एक पंचायत होऊ शकते. वाडीची किंवा गावाच्या एखाद्या भागाचीही वेगळी पंचायत होऊ शकते. जिल्हा परिषदेची स्थायी समिती आणि संबंधित पंचायत यांचा विचार घेऊन अधिसूचनेने हद्द बदलता येते. म्हणजे शीव ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे कायद्यानेच मान्य केले.

भिगवणच्या परिसराला हे निराळे सांगावयास नको. भीमेवरचे उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, आणि नदीकाठची गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की अजून डोके वर काढते. पण उठलेली माणसे नव्या गावठाणात गेली ती गेलीच. जुन्या नकाशावरची शीव पाण्यात, आणि माणसे दुसऱ्याच माळावर. आता सांगा, गाव कोणते? पंचायत ही जमिनीची प्रतिनिधी नव्हे, ती माणसांची प्रतिनिधी आहे, हा धडा ज्या भागाने एवढी किंमत देऊन घेतला, असे भाग महाराष्ट्रात थोडे असतील.

आता जरा हिशेब करू. आपल्या राज्यात दीड हजारापर्यंत वस्ती असेल तर पंचायतीत ७ सदस्य, तीन हजारांपर्यंत ९, आणि असे चढत साडेसात हजारांवर १७. समजा, एका गावाची लोकसंख्या २७०० आहे. सदस्य ९, प्रभाग ३, प्रत्येक प्रभागात ९०० माणसे आणि ३ जागा. त्या गावाची ६०० माणसांची एक वाडी आहे. ती वाडी एका प्रभागात अखंड ठेवली, तर तिथे तिचे बहुमत. तीच वाडी दोनशे-दोनशे करून तिन्ही प्रभागांत वाटली, तर ती सगळीकडेच अल्पमतात. आकडे दोन्ही वेळा बरोबरच! लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण शक्यतो सारखे असावे, असे राज्यघटनेचे २४३-ग कलम म्हणते. ते दोन्ही वेळा पाळले गेले. तरी एका आखणीत वाडीला आवाज आहे, दुसरीत नाही. अर्थात उलट बाजूही आहे. वाडीच्या प्रभागात उरलेली जी ३०० माणसे, त्यांचे काय? वाडीला न्याय देताना त्यांच्यावर अन्याय होऊ नये, हे पाहणारा अधिकारी आणि बोलणारा शेजारी, दोन्ही लागतात.

मग वेगळी पंचायत मागावी का? कित्येकदा मागावी, पण डोळे उघडे ठेवून. वेगळी चूल मांडली की जळणही वेगळे लागते. घरपट्टी, पाणीपट्टी थोडी, आणि दिवाबत्ती, गटार, पाण्याची योजना तेवढीच. हद्द मोठी झाल्यानेही सुख लाभतेच असे नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ साली पुणे महापालिकेत गेली. कराचा बोजा वाढला, सोयी आल्या नाहीत, अशी रहिवाशांची तक्रार झाली, आणि २०२४ साली ती महापालिकेतून काढून त्यांची नगरपरिषद करण्यात आली. सात वर्षांत हद्द गेली आणि परत आली.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. प्रभागांचा कच्चा आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागविल्या जातात, सुनावणी होते. चावडीवर लागलेला तो कागद कोणी वाचत नाही. आणि निवडणूक लागली की मग धावाधाव. प्रभाग आखण्याच्या कायद्याची वैधता न्यायालयात विचारता येत नाही, असे घटनेचे २४३-ण कलम सांगते. निवडणुकीविरुद्ध अर्ज करायचा तर तो निकालानंतर. तेव्हा हरकतीचे ते थोडे दिवस हेच खरे मोलाचे. शिवाय २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे २०११ चे आकडेच दीर्घकाळ आधाराला राहिले. महामार्गाकडेला वस्ती वाढलेल्या भिगवणसारख्या गावी हा फरक डोळ्यांनी दिसतो. म्हणून हरकत लिहिताना नुसता राग लिहू नये. घरे किती, ओढा कोठे, रस्ता कोणता, मतदार किती, हे लिहावे.

जुन्या काळी शीव जाणणारा माणूस गावकुसाबाहेर राहिला. आज राखीव जागा आहेत, २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, ग्रामसभा आहे. तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला मिळाला आहे. तो वेळेवर आणि शेजाऱ्याचा विचार करून वापरला, तर तक्रारवाडी या नावाला हसण्याचे कारण कोणालाच उरणार नाही.