देवीच्या लशीचे वाहक

देवीच्या रोगाचे निर्मूलन हा मानवी बुद्धीचा विजय होय, हे निर्विवाद. परंतु त्या विजयाच्या दप्तरात वैद्यांची नावे जितकी ठळक आहेत, तितकीच ज्यांच्या कातडीवर तो सिद्ध झाला, त्या कष्टकरी माणसांची नोंद पुसट आहे.

गाईंच्या सडांवर उठणारे फोड दूध काढणाऱ्या बायकांच्या हातांवर उमटत, कारण बोटांवरच्या एखाद्या ओरखड्यातून तो संसर्ग सहज आत शिरे. आणि ज्या गवळणींना हा किरकोळ विकार होऊन गेला, त्यांना देवी येत नाहीत, ही गोष्ट इंग्लंडातील शेतकऱ्यांना विद्वानांच्या आधी ठाऊक होती. एवढ्या अनुभवाच्या भरवशावर बेंजामिन जेस्टी या डॉर्सेटच्या शेतकऱ्याने १७७४ साली आपल्या बायकोला व दोन मुलांना गाईच्या फोडांतील द्रव टोचला. पुढे १४ मे १७९६ रोजी डॉ. जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातून लस घेतली आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. हा मुलगा त्यांच्याच बागेत राबणाऱ्या मजुराचा होता; जुलैत त्याला प्रत्यक्ष देवीचा पू टोचून परीक्षा पाहिली गेली, तेव्हा धन्याला नकार देण्याची मुभा त्या बापाला कितपत होती, या विचाराने मन अस्वस्थ होते.

लस टिकवण्याचे साधन नसल्याने ती एका दंडावरून दुसऱ्या दंडावर न्यावी लागे, आणि ते दंड बहुधा निराधारांचे असत. १८०३ साली स्पेनच्या राजाज्ञेने डॉ. बाल्मिस अमेरिकेकडे निघाले, तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुले घेतली होती. दर नऊ-दहा दिवसांनी दोघांना टोचीत लस समुद्रापार पोचली. आपल्या मुंबईत त्याआधीच, १४ जून १८०२ रोजी, बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आलेली लस ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या अंगी लागली, आणि हिंदुस्थानात लस पसरली ती त्याच कोवळ्या दंडावरून.

निसर्गतः देवी आलेला जगातील अखेरचा रोगी, अली माओ मालिन, हा सोमालियातील मेर्का गावच्या इस्पितळात स्वयंपाकी होता. ऑक्टोबर १९७७ मध्ये तो आजारी पडला, बरा झाला, आणि उत्तरायुष्यात पोलिओच्या लसीकरणाचे काम करीत असतानाच २०१३ साली हिवतापाने वारला.