आराखड्यावाचून यंत्रणा

१९८७ साली जॉन झॅकमन यांनी माहितीयंत्रणांची रचना वास्तुशिल्पाच्या पद्धतीने मांडली. संस्थेचे कार्य निश्चित झाल्यावाचून यंत्रणेची योजना करू नये, हे तिचे मर्म होय. या तत्त्वाच्या उपेक्षेचे मोल अमेरिकेतील एफबीआय या तपाससंस्थेस द्यावे लागले.

कागदी नस्त्यांवर विसंबलेला तपास संगणकावर आणण्यासाठी ‘व्हर्च्युअल केस फाइल’ या यंत्रणेचे काम २००१ साली हाती घेण्यात आले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले आणि संस्थेचे कार्यच पालटले. घडलेल्या गुन्ह्याच्या तपासापेक्षा भावी हल्ल्याचा प्रतिबंध हे तिचे आद्य कर्तव्य ठरले. यंत्रणेविषयीच्या अपेक्षा त्यामुळे वरचेवर बदलत गेल्या. परंतु त्यांना सांधणारा समग्र आराखडा संस्थेपाशी नव्हता. २००४ साली नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने हीच उणीव निदर्शनास आणली. सुमारे १७ कोटी डॉलर खर्ची पडल्यावर २००५ साली ती योजना सोडून देण्यात आली. तिच्या जागी योजिलेली ‘सेंटिनेल’ ही यंत्रणा पूर्णत्वास जाण्यास २०१२ साल उजाडले.

तात्पर्य, आपले कार्य कोणते, हे प्रथम संस्थेनेच ठरवावे लागते. तो निर्णय यंत्रावर सोपविता येत नाही.