बरा होणारा ल्युकेमिया

मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला आला, की मी काचेआधी चिठ्ठीवरचं वय आणि तापाचे दिवस वाचते. आम्हा पॅथॉलॉजिस्टांना ही सवय एका जुन्या घोटाळ्याने लावली.

1889 मध्ये जर्मनीत एमिल फायफरने मुलांच्या एका तापाचं वर्णन केलं: मानेला गाठी, यकृत-प्लीहा वाढलेली, आणि तरी पोर बरं होतं. पुढे रक्त रंगवून पाहण्याची पद्धत रुळली आणि अशाच तरुण रुग्णांच्या रक्तात मोठाल्या, वेड्यावाकड्या लिम्फोसाइट दिसू लागल्या. डॉक्टर ल्युकेमिया म्हणत, घरचे हाय खात, आणि रुग्ण ठणठणीत होई. 'आपोआप बरा झालेला ल्युकेमिया' अशा नोंदी छापूनही आल्या. 1920 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये स्प्रंट आणि इव्हान्स यांनी असे सहा रुग्ण मांडून आजार वेगळा काढला: इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस, थोडक्यात मोनो.

कारण मात्र सापडलं ते कॅन्सर शोधताना. युगांडाहून लंडनला आलेल्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींत एप्स्टाइन, अचोंग आणि बार यांना 1964 मध्ये नवा विषाणू दिसला. फिलाडेल्फियात वेर्नर आणि गेर्ट्रूड हेन्ले हे दांपत्य त्याच्या अँटिबॉडी शोधत होतं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात त्या नव्हत्या, म्हणून तुलनेसाठी तिचंच रक्त वापरत. 1967 मध्ये ती मोनोने आजारी पडली. परत आल्यावर रक्त तपासलं, तर अँटिबॉडी हजर! एकीवर विसंबायचं नाही म्हणून त्यांनी इतर रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने पाहिले आणि 1968 मध्ये मोनोचं कारण हाच विषाणू, असा निष्कर्ष जाहीर केला. इतकी शिस्तीची चिकाटी मला आजही थोर वाटते.

घोटाळा तरी मिटला नाही. 1969 मध्ये ल्यूक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हॉजकिन लिम्फोमाची खूण मानलेल्या रीड-स्टर्नबर्ग पेशींसारख्या पेशी मोनोच्या गाठीतही असतात. शिवाय हाच विषाणू काही लिम्फोमांना खरोखर कारणीभूत आहे. म्हणजे गाठीत विषाणू सापडला म्हणून निर्धास्त होता येत नाही, आणि भयंकर पेशी दिसल्या म्हणून लगेच केमोथेरपीही सुरू करता येत नाही.

गाठ पाठवणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: चिठ्ठीवर वय, तापाचे दिवस आणि घशाची तक्रार लिहा, सोबत रक्ताची काचही पाठवा.