नाताळ आणि गोव्यातले पीसीओ

1984 मध्ये सी-डॉट ही दूरसंचार तंत्रज्ञान विकसित करणारी सरकारी संस्था स्थापन झाली. पुढे दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने कमिशनवर चालणारे, पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ, म्हणजे सार्वजनिक टेलिफोन बूथ, देशभर पसरले. परवाने देताना अपंगांना प्राधान्य होते, हे या योजनेचे मोठेच पुण्य. गोव्यातली कितीतरी माणसे आखातात आणि जहाजांवर कामाला, त्यामुळे नाताळ हा तिथल्या बूथवाल्याचा खरा हंगाम असे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून रांगाही तेव्हाच लागत. काचेच्या केबिनमध्ये बोलणाऱ्याची नजर मीटरच्या पळत्या लाल आकड्यांवर असे. रिसीव्हर ठेवताच छोटा प्रिंटर कुरकुरत पावती काढी. 2003 मध्ये मोबाइलवरचे इनकमिंग मोफत झाले आणि गर्दी ओसरली. अनेक बूथवाले मग रिचार्ज कूपन विकू लागले.