पावलांवरचा पहारा

कॅसलरॉकचे नाव घेतले की बहुतेकांना आठवतो तो रेल्वेचा घाट आणि दूधसागरचा धबधबा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगावहून निघालेली पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे येथे ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला मिळाली आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचे हे ठाणे दोन राजवटींमधला उंबरठा बनले. माल आणि उतारू यांचा प्रवास असा सुकर होत असताना, रुळांच्या दोन्ही बाजूंच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेल्या माणसांची वाट मात्र कायद्याने अडवली जात होती.

आजचा जोयडा तालुका म्हणजे पूर्वीचे सुपे. येथील कुणब्यांची शेती कुमरीची. हिवाळ्यात डोंगरउतारावरची झाडी तोडायची, उन्हाळ्यात ती जाळायची आणि पहिल्या पावसाबरोबर राखेत नाचणी पेरायची. एकदोन पिके निघाली की ती जागा पुन्हा रान होण्यासाठी सोडून दुसरीकडे जायचे. गवळी धनगरही म्हशींच्या चाऱ्यापाण्यामागे असेच फिरत. सरकारी नजरेला ही सारी भटकंती आणि लाकडाची नासाडी वाटली. सागवान जहाजांना हवे होते, पुढे रेल्वेलाही लाकूड हवे झाले. मद्रास इलाख्याचे वनाधिकारी डॉ. ह्यू क्लेगहॉर्न यांनी कुमरीविरुद्ध जोरदार मत मांडले आणि १८६० साली मद्रास सरकारने विनापरवाना कुमरीस बंदी घातली. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला, पण धोरण तेच राहिले. जिथे कुमरी उरली, तिथे ती हक्क म्हणून नव्हे, सरकारची सवलत म्हणून उरली.

१८७८ च्या वन कायद्याने या धोरणाला पक्के रूप दिले. रान एकदा ‘राखीव’ ठरले की त्यात विनापरवाना शिरणे, गुरे चारणे, आग लावणे हे गुन्हे झाले. इतकेच नव्हे, दुसरी सोयीची वाट उपलब्ध असल्यास राखीव रानातली वहिवाटीची वाट बंद करण्याचाही अधिकार वनाधिकाऱ्यास मिळाला. आता सोयीची वाट कोणती, हे ठरवणार साहेब. चालणार मात्र कुणबी! हक्क सांगायला मुदत असे, पण तो लेखी किंवा तोंडी सांगण्यासाठी आधी जाहीरनामा कळायला हवा. निरक्षर वाड्यांपर्यंत तो किती पोचला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

याच दशकातला दुसरा कायदा १८७१ चा, ‘गुन्हेगार जमातीं’चा. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली तो देशभर लागू करण्याची तरतूद झाली. पारधी, कैकाडी, भामटा, घंटीचोर, छप्परबंद अशा जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. ठरल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जाण्यास पास, पास नसल्यास शिक्षा. सोलापूर, विजापूर, हुबळी येथे सेटलमेंटी उभ्या राहिल्या. मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत ठेवण्याची मुभाही कायद्यात होती. सोलापूरच्या गिरण्यांना त्यातून मजूर मिळाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

वरवर पाहता एक कायदा झाडांचा, दुसरा पोलिसांचा. मूळ कल्पना मात्र एकच. जो एका जागी नांदतो आणि सारा भरतो तो प्रजाजन. जो फिरतो तो संशयित. १९३० मध्ये बिळाशी आणि चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाले, चिरनेरला गोळीबारही झाला. रानावर पहिला हक्क कोणाचा, हाच प्रश्न तिथेही होता.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २००३ साली गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप अनुसूचित जमातींत आले. त्याच साली उत्तर कन्नडच्या सिद्दींनाही तो दर्जा मिळाला. जोयड्याच्या कुणब्यांना मात्र त्यानंतरही मागणी करत राहावे लागले. परिणाम असा की २००६ च्या वन हक्क कायद्यान्वये दावा करताना त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. ७५ वर्षे मागे गेले की १९३० साल येते. ज्या काळात रानातल्या पावलालाच गुन्हा ठरवले होते, त्या काळच्या पावलांचा पुरावा आज मागितला जातो!

तरीही निराश होण्याचे कारण नाही. कागद नसला तरी जुन्या विहिरी, दफनभूमी, देवराया आणि वडीलधाऱ्यांच्या लिहून घेतलेल्या जबान्या या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून धरल्या जातात. आज नव्वदीत असलेली माणसे १९३० नंतरची असली, तरी त्यांच्या आईवडिलांच्या तोंडून ऐकलेली नावे, वाटा आणि कुमरीच्या जागा त्यांना ठाऊक आहेत. शिकल्यासवरल्या मराठी आणि कन्नड भाषक तरुणांनी वहीपेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी बसावे. दावा कोणत्या भाषेत लिहिला, याला महत्त्व नाही. तो ती माणसे असेपर्यंत लिहिला गेला पाहिजे.