सायकलवरचा योगशिक्षक : १९३७ चा प्रश्न आजही तसाच आहे

जून आला की आमच्यासारख्या तालुक्याच्या पत्रकारांकडे फोटोंचा पाऊस पडतो. तहसीलचं मैदान, हिरव्या सतरंज्या, पुढच्या रांगेत साहेब आणि पुढारी. २१ तारखेची बातमी लावली की २२ तारखेला विषय संपतो. त्या फोटोत स्टेजवर माइक धरून 'श्वास घ्या, श्वास सोडा' म्हणणारा एक माणूस असतो. तो पोट कसं भरतो, हे कुणी विचारत नाही. आज त्याच्याबद्दल थोडं लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

फिरता योगशिक्षक ही आजची रिसॉर्टवाल्यांची कल्पना आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. गोव्यात सीझनला जायचं, नाहीतर व्हिएतनाम-चीनच्या स्टुडिओत वर्षभराचा करार करायचा, वगैरे. पण हा धंदा (धंदा म्हटलं म्हणून रागावू नका, पोटापाण्याचं काम या अर्थाने म्हणतोय) आपल्याकडे नव्वद वर्षं जुना आहे. त्याची एक मोठी गोष्ट तर बेळगाव आणि पुण्यातच घडली.

आधी पार्श्वभूमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीर कमवायला शिकवणाऱ्या माणसाला पैसे कोण देत होतं? मुख्यतः संस्थानिक. बडोद्यात माणिकरावांचा आखाडा, औंधात खुद्द राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे प्रचारक, आणि म्हैसूरला कृष्णराज वाडियारांच्या आश्रयाने जगनमोहन राजवाड्यात टी. कृष्णम्माचार्यांची योगशाळा. राजाने पगार द्यायचा, गुरूने शिकवायचं, आणि शिष्यांना घेऊन गावोगाव प्रात्यक्षिकं करायची. कुस्तीच्या फडासारखंच ते. लोकांनी बघावं, थक्क व्हावं, शिकायला यावं.

अशाच एका दौऱ्यात १९३६ साली कृष्णम्माचार्य उत्तर कर्नाटकात आले. सोबत त्यांचा मेहुणा होता. वय सतरा-अठरा, काटकुळा, लहानपणी मलेरिया-टायफॉइड-क्षयाने पिळून काढलेला. वडील शाळामास्तर होते, ते मुलगा नऊ वर्षांचा असतानाच गेले. मॅट्रिकची गाडीही अडलेली. या पोराचं नाव बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार.

प्रात्यक्षिकं बघून काही बायकांनी शिकायची इच्छा दाखवली. आता बायकांना शिकवणार कोण? ठरलं की जो सगळ्यात लहान त्याला पाठवा. अय्यंगारांची शिक्षक म्हणून सुरुवात अशी झाली. त्यांना जास्त येतं म्हणून नव्हे, त्यांच्यावर संशय घेण्यासारखं वय नव्हतं म्हणून.

त्याच सुमारास बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी हे काम पाहिलं. निवृत्तीनंतर ते पुण्याला आले आणि त्यांनी म्हैसूरला निरोप धाडला, एक शिक्षक पाठवा. १९३७ साली डेक्कन जिमखाना आणि पुण्यातल्या काही शाळा-कॉलेजांच्या सोयीने सहा महिन्यांचं काम ठरलं. जायला अय्यंगार निवडले गेले, कारण त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं.

१९३७ चं पुणं समजून घ्या. त्याच वर्षी मुंबई प्रांतात निवडून आलेलं काँग्रेसचं सरकार बसलं. त्या सुमारास शाळांतल्या व्यायामाचा विचार करायला सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद. म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, माणिकरावांच्याच तालमीत तयार झालेले. १९२४ पासून ते लोणावळ्यात योगाची प्रयोगशाळेत तपासणी करत होते. थोडक्यात, व्यायाम हा त्या काळात सार्वजनिक प्रश्न होता आणि पुण्यात त्याला गिऱ्हाईक होतं.

पण गिऱ्हाईक असणं आणि पगार मिळणं यात फरक आहे. अय्यंगारांना मराठी येत नव्हतं. विद्यार्थी वयाने मोठे, शिकलेले, अंगापिंडाने मजबूत. ते या पोरट्याची थट्टा करत. शिकवण्यासाठी त्यांना स्वतःच तासन्‌तास सराव करावा लागला, कारण गुरूकडे फार थोडा काळ मिळाला होता. प्रात्यक्षिकाच्या वेळी डॉ. गोखले शरीरशास्त्र समजावत आणि अय्यंगार आसन करून दाखवत. मला यातली डॉक्टरांची भूमिका महत्त्वाची वाटते. राजा नसलेल्या शहरात या परक्या पोराला विश्वास मिळाला तो एका सर्जनच्या शब्दामुळे.

सहा महिन्यांची मुदत वाढत वाढत तीनेक वर्षांवर गेली आणि मग संपली. कारण साधं होतं. तो कायमच्या नोकरीचा भाग कधी नव्हताच. नंतरची वर्षं हलाखीची. सायकलवरून शिकवण्या करत हिंडायचं, कधी दोन-तीन दिवसांतून एकदा जेवण, बाकी नळाचं पाणी. १९४३ साली रमामणींशी लग्न झालं आणि संसार त्याच कमाईवर उभा राहिला. आज ज्यांचं नाव जगभर एका पद्धतीला लागलेलं आहे, त्या माणसाची ही 'फ्रीलान्सिंग'ची वर्षं.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. १९५२ साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन भारतात आले, मुंबईत भेट झाली. पाच मिनिटांची भेट काही तास चालली. १९५४ साली मेन्युहिननी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावलं. १९६६ साली 'लाइट ऑन योगा' आलं, सुमारे ६०० छायाचित्रांसह. पुण्यातली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ ला उघडली. म्हणजे पुण्यात पाऊल ठेवल्यापासून स्वतःची वास्तू व्हायला अडतीस वर्षं लागली.

या गोष्टीत मेन्युहिनपेक्षा जास्त शिकण्यासारखं एक प्रकरण आहे, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांत योग घ्यायचं ठरवलं. अट अशी की शिक्षक अय्यंगारांच्या पद्धतीत तयार झालेले हवेत आणि शिकवायचं ते आसन-प्राणायाम, धर्म-तत्त्वज्ञान नको. या अटीवर वाद घालता येईल, जरूर घाला. पण परिणाम बघा. शिक्षक कोण, त्याने काय शिकवायचं हे ठरलं आणि तासाचे पैसे सरकारी तिजोरीतून मिळायला लागले. साध्या शिक्षकाला मेन्युहिन भेटण्याची वाट बघावी लागली नाही.

आपल्याकडे दुसरा प्रवाह होता, मोफत शिकवण्याचा. नागपूरला जनार्दनस्वामींनी १९५१ मध्ये योगाभ्यासी मंडळ उभं केलं, घरोघर, गावोगाव फिरून विनामूल्य योग शिकवला. विदर्भात त्या परंपरेचे साधक आजही पहाटे वर्ग घेतात. त्या माणसांबद्दल आदरच आहे. पण संन्याशाने पैसे न घेणं ही त्याची निष्ठा झाली. संसारी माणसाला आपण 'योगाचे कसले पैसे?' म्हणणं हा आपला कंजूषपणा झाला. या दोन गोष्टींची आपण सोयीस्कर गल्लत केली आहे.

आता आजचा हिशोब. ११ डिसेंबर २०१४ ला संयुक्त राष्ट्रांनी योग दिवसाचा ठराव केला, १७७ देश सहप्रस्तावक. २०१८ मध्ये आयुष मंत्रालयाने योग प्रमाणन मंडळ काढलं, परीक्षा सुरू झाल्या. विद्यापीठांत योगाच्या पदव्या आहेत. म्हणजे शिक्षक तयार करायची व्यवस्था झाली. आणि काम? राष्ट्रीय आयुष अभियानातल्या आरोग्य केंद्रांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत अर्धवेळ योगशिक्षकाची तरतूद आहे. पुरुषाला महिन्याला ३२ तास, ८,००० रुपये. महिलेला २० तास, ५,००० रुपये. दोन्हीकडे ताशी २५० पडतात, म्हणजे दरात भेदभाव नाही. पण बाईचे तासच कमी, म्हणून कमाईही कमी.

आमच्या भागात सकाळच्या वर्गाला कुणीही जाऊन बघा, बायकाच जास्त. शिकवणाऱ्याही बायकाच जास्त. माझ्या ओळखीतली एक योगशिक्षिका पहाटे साडेपाचला एका कॉलनीत, आठला शाळेत, दुपारी एका दवाखान्यात आणि संध्याकाळी केंद्रावर जाते. पदव्युत्तर शिक्षण आहे. स्कूटीचं पेट्रोल स्वतःचं. शाळा वर्षातून दहा महिने बोलावते आणि मानधन दिवाळीनंतर बघू म्हणते. सायकलच्या जागी स्कूटी आली, एवढाच बदल. तिच्या बरोबरीचे दोघं परदेशी गेले. तिला घर सोडून जाता येत नाही.

जे जाताहेत त्यांना माझा विरोध नाही. अय्यंगारही गेलेच की. मुंबईच्या योग संस्थेचे योगेंद्रजी तर १९१९ सालीच अमेरिकेला गेले होते, आणि १९२४ च्या तिथल्या कायद्याने भारतीयांना दार बंद केलं. परदेशातलं काम व्हिसावर चालतं, ते कधीही थांबू शकतं. म्हणून इथलं काम पक्कं हवं.

मागण्या फार मोठ्या नाहीत. शाळेत शारीरिक शिक्षणासोबत योगाचे तास ठरवून त्याचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. आरोग्य केंद्रावर महिलेचे तास पुरुषाइतके करा. नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात योग दिवसाच्या मंडप-टीशर्टचा खर्च शोधा, मग त्याशेजारी योगशिक्षकाच्या मानधनाचा शोधा. दुसरा सापडला तर मला कळवा, बातमी लावतो.

तुमच्या गावात योगशिक्षकाला तासाला काय मिळतं आणि किती महिन्यांनी मिळतं, ते खाली लिहा. नाव न छापता आकडे एकत्र करून जिल्हा परिषदेच्या पुढच्या सभेआधी सदस्यांच्या हातात देणार आहे.